म्हातारं कुत्रं पडून असतं, ते आळसाने नाही



या आठवड्यात द्राक्षाच्या डिपिंगवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी लिहितो. थंडी पडायला लागली आहे आणि चार वस्त्यांवर जाऊन आलो तर तिन्ही-चारी ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: "कुत्रं म्हातारं झालंय आता, नुसतं पडून असतं."

मला या वाक्याशीच भांडायचंय.

म्हातारपण हा आजार नाही. त्याचे सांधे दुखतात, हा आजार आहे. दुखतात म्हणून ते उठत नाही, उठत नाही म्हणून मांड्या वाळतात, मांड्या वाळल्या की सांध्यावर आणखी भार येतो आणि दुखणं वाढतं. हे चक्र पूर्ण थांबवता येत नाही, पण त्याचा वेग बराच कमी करता येतो. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या गोठ्यात आणि खळ्यावर आत्ता पडलेल्या आहेत.

बैलाची खांदेसूज आपल्याला लांबून दिसते. गाय एक पाय उचलून धरत असेल तर धार काढायच्या आधी आपण खूर बघतो. शेळी कळपामागे राहिली तर त्याच दिवशी दोरी लावून तपासतो. पण ज्याचं दूध निघत नाही, ज्याला बाजारात भाव नाही, त्या जनावराचं दुखणं आपल्या नजरेत भरत नाही. दहा-बारा वर्षं रात्री आपण झोपलो आणि ते जागं राहिलं, एवढं तरी लक्षात ठेवू.

आमचा चांद्या बारा पूर्ण करून तेराव्यात आहे. गावठीच, वीस किलोच्या आसपास. मागच्या दोन्ही खुब्यांची झीज आहे असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याला दोन हिवाळे झाले. हा तिसरा. अजून सकाळी माझ्याबरोबर बांधाने विहिरीपर्यंत येतो. हळू येतो, पण येतो. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं त्याच्यावर रोज करतोय ते आहे, बाकी डॉक्टरांकडून विचारून घेतलेलं.

*ओळखायचं कसं*

कुत्रं दुखलं की ओरडेल, ही समजूत पहिली सोडा. काटा मोडला तर ओरडतं. रोजचं, मुरलेलं दुखणं ते दाखवत नाही. आपल्याला चालण्या-बसण्यातून वाचावं लागतं. बघायचं ते असं:

उठताना पुढचे पाय आधी टेकवतं आणि मागचा भाग ओढून घेतल्यासारखा उचलतं. पहिली दहा-वीस पावलं आखडत टाकतं, मग मोकळं होतं. ओट्यावर चढताना पूर्वी एका उडीत जायचं, आता खाली थांबून अंदाज घेतं. नर असेल तर लघवीला पाय वर करायचं सोडून खाली वाकतं. एकच सांधा सारखा चाटतं, तिथले केस तांबूस पडतात. पाठीमागे हात लावला की एरवी गरीब असलेलं कुत्रं गुरगुरतं.

आणखी एक खूण शेतकऱ्याच्या नजरेला लगेच पटेल. कुत्र्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि चाळीस टक्के मागच्या. मागचे खुबे दुखायला लागले की ते भार आणखी पुढे टाकतं. मग खांदे-छाती भरलेली आणि मांड्या बारीक, असं अंग दिसायला लागतं. वरून उभं राहून बघा. मागून हात फिरवून दोन्ही मांड्या चाचपा. एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागली तर त्या बाजूला दुखणं आहे असं समजायला हरकत नाही.

*सगळं लंगडणं झिजेचं नसतं*

हे कृपा करून नीट वाचा. झीज हळूहळू येते, महिन्यामहिन्याने. काल धावणारं कुत्रं आज उठतच नसेल तर ते म्हातारपण नाही. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

गोचिडातून येणारा ताप आपल्याकडे फार आहे. त्यात कुत्रं आखडतं, सांधे धरतात, खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. दिसायला अगदी संधिवातासारखं दिसतं, पण औषध पूर्ण वेगळं आणि वेळेत दिलं तर बरं होणारं. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

बोटांमधे बाभळीचा काटा, कुसळ, वाढून गोल फिरून मांसात घुसलेलं नख, हेही बघा. अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, ते हमखास वळतं.

मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले तर मणक्याची भानगड असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. आणि पाय लुळे, जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, आवाज बदललाय, ओळखीच्या माणसावर धावून जातंय किंवा कोपऱ्यात लपतंय, असं काही असेल तर हात लावू नका. तोंडात हात घालून "घशात काही अडकलंय का" हे तर मुळीच बघू नका. रेबीजची शंका तिथे पहिली घ्यायची. म्हातारं झालं म्हणून दरवर्षीची रेबीजची लस बंद करायची नसते.

*फरशी, अंथरूण, पायरी*

आता घरातलं काम. माझं मत विचाराल तर औषधाच्या आधी जमीन सुधारा.

नवीन घरं झाली, शेणाने सारवलेली जमीन गेली आणि गुळगुळीत फरशी आली. दुखऱ्या पायाच्या कुत्र्याला गुळगुळीत फरशी म्हणजे आपल्याला शेवाळलेला घाट. मागचे पाय फाकतात, एकदा पडलं की त्याचा धीर जातो, मग ते उठायचंच टाळतं. आपण म्हणतो आळशी झालं. त्याच्या रोजच्या वाटेवर, म्हणजे झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत, बारदान अंथरा. बारदान सरकू नये म्हणून कडेला वीट किंवा दोन खिळे. गोठ्यात गायींसाठी रबर मॅट टाकल्या असतील तर उरलेला तुकडा यासाठी सोनं आहे. गायीचे गुडघे फुटू नयेत म्हणून मॅट टाकतो, तोच न्याय इथे.

अंथरूण जाड हवं. कोबा आणि फरशी थंडीत हाडं धरतात. खाली लाकडी फळी किंवा द्राक्षाच्या क्रेटवर प्लायचा तुकडा, त्यावर पोत्यात भरलेलं पाचट किंवा भाताचा पेंढा, वर जुनं कांबळं. क्रेट उपडा घातला तर उंची चढायला त्रास होतो, म्हणून जमिनीपासून चार बोटं पुरे. दर आठ दिवसांनी पाचट बदला, नाहीतर पिसवा आणि गोचिड तिथेच पैदा होतात. कोपरांवर घट्टे पडले असतील तर गादी पातळ आहे असं समजा.

ओट्याला उतरती फळी लावा. ओटा एक फूट उंच असेल तर फळी निदान चार फूट लांब, म्हणजे चढ अंगावर येत नाही. फळीवर बारदान ठोका, वीत-वीत अंतरावर आडव्या पट्ट्या मारा. पहिले दोन दिवस ते फळी सोडून उडीच मारायला बघेल. फळीच्या वरच्या टोकाला भाकरीचा तुकडा ठेवा, शिकतं.

पाणी एकाच जागी ठेवू नका. दुखतंय म्हणून ते पाण्यापर्यंत जायचं टाळतं, थंडीत तर जास्तच. दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि भांडं एका विटेवर ठेवलं तर मान फार खाली घालावी लागत नाही.

*चालवायचं की बसवायचं?*

चालवायचंच. फक्त पद्धत बदलायची. एकदम तास-दीड तास नको. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. बांधावरच्या मऊ वाटेने, डांबरावरून नाही आणि नांगरलेल्या ढेकळांतूनही नाही. पावसाळ्यात काळ्या रानात नेऊ नका, चिखलाचे गोळे बोटांत अडकतात आणि प्रत्येक पाऊल जड होतं. घरी आल्यावर पंजे धुऊन पुसायचे.

किती चालवायचं याचं माप सोपं आहे. आज चालवलं आणि उद्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडलं, तर कालचं जास्त झालं. एक वळण कमी करा.

मोटारसायकलमागे पळवणं मात्र बंद. रानात जाताना आपण गाडीवर आणि ते मागे, ही आपल्याकडची जुनी रीत. तरुण कुत्र्याला चालून जातं. म्हातारं कुत्रं धन्याच्या मागे राहायचं नाही म्हणून दुखणं गिळून पळतं आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर उठत नाही. त्याला घरी बांधून निघा किंवा ट्रॉलीत उचलून ठेवा. उचलताना एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे. नुसते पुढचे पाय धरून ओढायचं नाही.

दिवसभर आखूड साखळीवर बांधलेलं कुत्रं लवकर आखडतं. बांधायचंच असेल तर दोन खांबांमधे तार ओढून तिच्यावर साखळीची कडी सरकेल असं करा, म्हणजे निदान पाच-पन्नास पावलं होतात.

पोहण्याबद्दल काही जण विचारतात. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, म्हणून सांध्यांना पोहणं चांगलं, हे खरं. पण शेततळ्यात सोडू नका. प्लास्टिकचा कागद गुळगुळीत असतो, तरुण कुत्रं वर येत नाही तिथे म्हातारं काय येणार. उलट शेततळ्याला कुंपण नसेल तर चारही बाजूंना गाठी मारलेला दोर किंवा जुन्या टायरची माळ सोडून ठेवा. कुत्र्यासाठी म्हणून सोडाल, उद्या पोराच्या उपयोगी पडेल.

मागचे पाय फारच अशक्त असतील तर रुंद उपरणं किंवा जुन्या साडीचा दुहेरी पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घ्या आणि वरून धरून आधार द्या. पूर्ण उचलायचं नाही, थोडा भार आपण घ्यायचा. नर असेल तर लघवीची जागा दाबली जाणार नाही हे बघा. शौचाला नेताना याचा फार उपयोग होतो. बसता येत नाही म्हणून कुत्रं शौच धरून ठेवतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

*वजन, नखं, शेक*

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून मरेपर्यंत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या कुत्र्यांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं. कमी खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य जवळजवळ दोन वर्षांनी जास्त भरलं, आणि सांध्यांच्या झिजेवर औषध सुरू करायची वेळही त्यांच्यावर उशिरा आली. दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात किती, तुम्हीच हिशोब करा.

बरगड्यांवरून हात फिरवा. दिसायला नकोत पण हाताला सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर भाकरी एक कमी करा. दुसऱ्या टोकाला, वस्तीवरची बरीच कुत्री भाकरी-दुधावरच असतात, त्यांना प्रथिनं पुरत नाहीत आणि मांड्या आणखी वाळतात. उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी, शिजवलेलं काळीज-फुफ्फुस थोडं थोडं द्या. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरून आतडं फाडतात. आपल्या भागासाठी खास: कांद्या-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतू नका, कांदा कुत्र्याचं रक्त कमी करतो. आणि द्राक्ष-बेदाणा तर नाहीच, किडनीवर जातो. बेदाणा शेडच्या राखणीला असलेल्या कुत्र्यांचं याकडे लक्ष ठेवा.

कुत्रं चाललं की फरशीवर टकटक आवाज येतो? नखं वाढलीत. वाढलेल्या नखांनी बोटं वर उचलली जातात, पंजा सपाट बसत नाही आणि पाय घसरतो. कुत्र्याचं नख कापायची कात्री मिळते, टोकाचं थोडंच कापा. आत रक्ताची शीर असते, काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून आठवड्याला एक कण एवढाच हिशोब.

थंडीत शेक द्या. जाड मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. खुबे आणि कंबर, दहा मिनिटं, चालवायच्या आधी. सांधा ताजा सुजून गरम लागत असेल तर शेक नको.

*गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलतो*

इथे माझा आवाज थोडा चढणार, माफ करा.

घरात माणसासाठी आणलेली अंगदुखीची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, रक्त पडतं, किडनी जाते. पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. शेजारच्या गावात एका दुकानातून अशी गोळी आणली, चार दिवस भाकरीत दिली. कुत्र्याला काळी डांबरासारखी शी लागली आणि ते गेलं. घरचे म्हणाले, म्हातारं होतंच. म्हातारं होतं, पण ते म्हातारपणाने गेलं नाही.

गायीसाठी आणून उरलेली इंजेक्शनंही तशीच. चारशे किलोच्या जनावराचं औषध वीस किलोच्या अंगाला अंदाजाने टोचायचं नसतं. आणि त्यात आणखी एक भानगड आहे, ती इथले कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक मंडळींनाही माहीत आहे. डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्याकडचं पांढऱ्या पाठीचं गिधाड ९९ टक्क्यांहून जास्त कमी झालं. पुढे २०२३ मधे किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलेली जनावरं उघड्यावर राहिली, त्यावर मोकाट कुत्री वाढली, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा जुनी बाटली फडताळात असेल तर ती कोणत्याच जनावराला वापरू नका.

मग द्यायचं काय? मेलॉक्सिकॅमसारखं औषध कुत्र्यांना चालतं, गिधाडांनाही त्याचा धोका नाही. पण कुत्र्याचं वजन करून, किडनी-लिव्हर बघून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच. उपाशीपोटी नाही. पाणी भरपूर. उलटी, काळी शी किंवा खाणं बंद झालं की औषध थांबवून फोन करायचा. एक गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगा: आधी कुणी डेक्सा टोचलंय का. डेक्सा म्हणजे स्टेरॉईड. त्याच्यापाठोपाठ किंवा बरोबर अशी दुखण्याची गोळी गेली तर पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. डेक्साने कुत्रं दोन दिवस पळतं हे खरं, पण तो उपचार नाही, उधारी आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रं नेता येतं. "तिथे गायी-म्हशीच बघतात" म्हणून घरी बसू नका. नेणं जमत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा.

*रात्र आणि बिबट्या*

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले, सिन्नर या पट्ट्यात म्हाताऱ्या कुत्र्याचा खरा शत्रू थंडी नाही, बिबट्या आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. तरुण कुत्रं उडी मारून घरात शिरतं. ज्याला उठायलाच वेळ लागतो ते जागेवर सापडतं.

म्हणून अंधार पडायच्या आत आखडलेलं कुत्रं आत घ्या. गोठ्याला जाळी असेल तर गोठ्यात, नसेल तर पडवीत दार लावून. "मग राखण कोण करणार?" असं विचारतात. भुंकायला त्याला मोकळं असावं लागत नाही. कान शाबूत असतील तर ते दाराआडूनही तुम्हाला उठवतंच. आणि उघड्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते आमिष होतं. बिबट्याला घराकडे यायची सवय आपणच लावतो.

*"माणसांना दवाखाना नाही आणि कुत्र्याला कसला?"*

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. कांद्याला भाव नाही, मजुरी वाढलीय, घरात आजारी माणूस आहे, त्याने काय करायचं?

माझं उत्तर असं. वर जे लिहिलंय त्यातलं तीन चतुर्थांश फुकट आहे. बारदान, पाचट, फळी, वीट, पुरचुंडी, दहा मिनिटांचं चालणं. औषध लागलंच तर वीस किलोच्या कुत्र्याला लागणारी मात्रा लहान असते, आपण फवारणीत स्टिकरवर घालतो त्याहून हा खर्च मोठा नाही. ज्याच्याकडे तेवढेही नाहीत त्याने फुकटातलं तरी करावं. न करण्याचं कारण पैसा नसतो बहुतेकदा. "त्यात काय, कुत्रंच ते" हे असतं.

आणि एक चाल आपल्याकडे पडलीय, तिचं नाव घेऊन बोलायला हवं. म्हातारं कुत्रं टेम्पोत घालायचं आणि लांबच्या बाजाराजवळ किंवा ढाब्यावर सोडून यायचं. घरी मरायला नको म्हणून. ज्याला धड उभं राहता येत नाही, ते अनोळखी कुत्र्यांच्या टोळीत काय करणार? प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे, कोरडी खाऊ नको म्हणून तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. त्याच हातांनी टेम्पोचं फाळकं लावतो.

उपयोगाचा हिशोब मांडायचाच असेल तर तोही मांडतो. नवीन पिल्लू आणलंत तर त्याला शिकवणार कोण? कुणावर भुंकायचं आणि कुणावर नाही, कोंबड्यांना हात लावायचा नाही, शेळ्यांच्या पुढे जायचं नाही, हे पिल्लू जुन्या कुत्र्याकडे बघून शिकतं. जुनं शेवटचं एक वर्ष बसून काढत असेल तरी ते शिकवण्याचं काम करतंय. पिल्लाला त्याच्या अंगावर उड्या मारू देऊ नका, एवढंच.

*शेवटचं*

एक दिवस असा येतो की हे सगळं करूनही दुखणं हटत नाही. तेव्हा काय करायचं ते आधी ठरवलेलं बरं, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही.

भिंतीवर कॅलेंडर असतंच. रोज रात्री त्या तारखेवर एक खूण करा. आज खाल्लं का, पाणी प्यालं का, आपलं आपण किंवा आधाराने उठलं का, घाणीत पडून राहिलं नाही ना, आपल्याला बघून शेपटी हलली का. बहुतेक उत्तरं हो असतील तर टिंब, नाही असतील तर फुली. महिन्याच्या शेवटी टिंबं जास्त असतील तर चाललंय ते चालू ठेवा. फुल्या जास्त व्हायला लागल्या आणि डॉक्टरांनीही हात टेकले, तर सुई देऊन शांतपणे जाऊ देणं ही दयाच आहे. पाप-पुण्याच्या भीतीने महिना-महिना किड्यांत पडलेलं कुत्रं "आपलं आपण जाऊ दे" म्हणून ठेवणं मला मान्य नाही. तसंच चार फुल्या झाल्या म्हणून घाईने सुई मागणंही मान्य नाही. कॅलेंडर बघून ठरवा, एका रात्रीच्या वैतागावर नाही.

जे पडूनच आहे त्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर जखमा होतात आणि माश्या बसतात. हे घरातल्या पोरांना सांगा, ती मनापासून करतात. म्हाताऱ्याची सेवा कशी करायची हे त्यांना पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडणारच आहे.

उद्या सकाळी चहा घेताना एवढंच करा. आपल्या कुत्र्याला हाक मारा आणि ते उठताना नीट बघा. पुढचे पाय आधी टाकतं का, किती पावलं आखडतं, बरगड्या हाताला लागतात का, नखं वाजतात का. एवढं बघितलंत की पहिलं बारदान कुठे टाकायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.